वटवट्याची भुवई

लग्नात सविता नवरीच्या मागे पळत नाही. बाकीचे फोटोग्राफर मांडवभर धावतात, सतत इकडे बघा, तिकडे बघा म्हणून नवरीला दमवतात. सविता आधी सगळा मांडव फिरून घेते. नवरी कुठल्या दारातून येईल, कुठे क्षणभर थबकेल, तिथे उजेड कसा पडतो, एवढं बघते आणि तिथेच उभी राहते. नवरी तिथे येतेच. श्रीगोंद्यात तिचा छोटा स्टुडिओ आहे. लग्नसराईत कर्जतपासून खर्ड्यापर्यंत तिला बोलावणी येतात, ती या एका सवयीमुळे.

तरी त्या फाल्गुनात ती एका पाखरामागे पळत होती.

सुरुवात नवरीच्याच फोटोतून झाली. कॉलनीच्या बागेत लग्नाआधीचे फोटो काढायला एक जोडपं आलं होतं. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरवर फोटो मोठा करताना नवरीच्या खांद्यामागे, झुडपांच्या जाळीत, सविताला एक पुसट हिरवट ठिपका दिसला. ठिपक्याला डोळा होता आणि डोळ्यावर फिकट रेघ, कुणी ब्रशने ओढल्यासारखी. तिने तो तुकडा पक्षीमित्रांच्या ग्रुपवर टाकला. उत्तर आलं की हा बहुतेक वटवट्या. थंडीत हिमालयाकडून येतो, चैत्रात खाऊन-पिऊन परत निघतो. फोटो स्पष्ट असता तर नक्की सांगता आलं असतं.

तो जिथे बसला होता ती जाळी म्हणजे बागेचा मागचा कोपरा. घाणेरी, बोरी आणि त्यांवर चढलेले वेल. कुणी लावलं नव्हतं, कुणी पाणी घालत नव्हतं. आणि नेमकी तीच जाळी तोडून तिथे व्यायामाची यंत्रं बसवायची, असं आप्पासाहेबांनी ठरवलं होतं. आप्पासाहेब साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, आता बागेचा सगळा कारभार बघणारे. सविता त्यांच्या ओट्यावर गेली आणि लांबून आलेल्या पाखरांचं सांगितलं. त्यांनी मोबाईल लांब धरून ठिपका पाहिला.

“चिमनी हाय ही.”

“चिमणी नाही, आप्पा. हिला भुवई आहे.”

“पाखराला भुवई?” आप्पासाहेब ओट्यावर बसलेल्या मंडळींकडे वळले. “आता ब्युटी पार्लर बी काढा म्हनावं बागेत.”

हसणं ओसरल्यावर त्यांनी मात्र नीट सांगितलं. रामनवमीला संध्याकाळी बागेच्या समितीची बैठक आहे. तोवर भुवई दिसेल असा फोटो आण, मी बैठकीत दाखवतो. नाही आणलास तर दुसऱ्या दिवशी तोडणारी माणसं येतील.

त्या दिवसापासून सविता उजाडताच बागेत दिसू लागली. जाळीतून दोन तुकड्यांची बारीक शीळ यायची. ती आवाजाकडे कॅमेरा वळवायची, तोवर शीळ पलीकडून. पाखरू पानाआडून पानाआड असं सरकायचं की कॅमेऱ्यात पानंच यायची. फेऱ्या मारायला येणाऱ्या बायका विचारू लागल्या, पाल्याचा अल्बम कितपत आला? ती हसून सोडून द्यायची. तिथून हळदीला, नाहीतर साखरपुड्याला. दुपारी जेवताना बोटांवर कॅमेऱ्याच्या पट्ट्याचे वळ असत.

पाडव्याला तिच्या सासूने, चांगुणाबाईंनी, दरवर्षीसारखी महादेवाच्या पिंडीवर गळती बांधली. तळाला भोक पाडलेलं भांडं, भोकात कापसाची वात, चैत्र-वैशाखभर देवावर थेंब थेंब पाणी. सविता हाताखाली होती. पिंडीवरचं पाणी पन्हळीतून बाहेर पडत होतं आणि तिथे एक बुलबुल न घाबरता अंग ओलं करून घेत होता. सविता बघत राहिली. उन्हाळ्यात पाखरू कुठे थांबणार, हे तिला इतके दिवस सुचलंच नव्हतं.

तिने सासूकडे दुसरं भांडं मागितलं.

“देवाचं भांडं पाखराला न्हाई द्यायचं,” चांगुणाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्याच एक जुना माठ काखेत घेऊन बागेच्या फाटकाशी आल्या.

“हे देवाचं न्हाई. निसतं गळकं हाय.” मग वात पुन्हा त्यांनी स्वतःच बसवली, सुनेची सैल झाली म्हणून. “धार लागली तर बिचकंल की ते.”

माठ बोरीच्या फांदीला टांगला. खाली परात ठेवली, परातीत दगड. सविता थोडी दूर, लिंबाच्या बुंध्याला टेकून बसली आणि कॅमेरा परातीवर रोखला. बुलबुल आले, साळुंक्या आल्या, चिमण्यांनी तर परात डोक्यावर घेतली. वटवट्या आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पण ती आता पळत नव्हती.

रामनवमीच्या सकाळी शीळ अगदी जवळ आली. परातीत कुणीच नव्हतं. मग तिचं लक्ष वर गेलं. माठाचा थेंब घाणेरीच्या एका रुंद पानावर आपटून खाली पडत होता आणि त्या ओल्या पानावर ते पाखरू पोट घासत होतं. एकदा या कुशीवर, एकदा त्या. परातीत त्याला उतरायचंच नव्हतं. सविताने श्वास रोखून कॅमेरा परातीवरून पानावर आणला. पाखराने अंग झाडलं, मान वर केली आणि ते क्षणभर थांबलं.

फोटो तिने लग्नाच्या अल्बमच्या आकारात छापला आणि दुपारीच ओट्यावर नेऊन दिला. आप्पासाहेबांनी चष्मा पुसला. बराच वेळ पाहिलं.

“भुवई हाय खरी,” ते म्हणाले. “पन हे असं भिजलंय का?”

“आंघोळ करत होतं.”

“लांब जायचंय म्हनून?”

“हो, आप्पा.”

संध्याकाळी आप्पासाहेब फोटो बैठकीला घेऊन गेले. आधी ठरल्यापेक्षा दुसऱ्या दिवशीचं काम लहान निघालं. तोडणारी माणसं आली, तेव्हा आप्पासाहेब स्वतः फक्की घेऊन उभे होते. त्यांनी वाटेच्या कडेने पांढरी रेघ ओढली. रेघेच्या अलीकडच्या फांद्या गेल्या, पलीकडची जाळी राहिली. यंत्रं फाटकाजवळ बसवायचं ठरलं.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी शीळ ऐकू आली नाही. सविता बराच वेळ बसून राहिली. उन्हं अंगावर आली तशी उठली, माठ भरला, वात चिमटीने घट्ट केली आणि कर्जतच्या हळदीला जायला निघाली.