पाटलाच्या मोटरीच्या काचा

पडदा गोणपाटाचा. त्याला ना सोनेरी झालर, ना दोऱ्या ओढणारा माणूस. सकाळी कोणीतरी दोन हातांनी तो बाजूला सारतो, आणि कामरगावच्या बापूराव पाटलांच्या आवारात, जिथं कालपर्यंत बैल बांधत तिथं, एक काळी मोटर उभी दिसते. डावीकडे विहीर. उजवीकडे कडब्याची गंजी. मधोमध उघड्या अंगाचा, धोतर गुडघ्यावर खोचलेला, पन्नाशीकडे झुकलेला माणूस. तो मोटरीकडे बघत नाही. हाती धरायच्या चाकामागं जी रिकामी जागा आहे, तिच्याकडे बघतो, आणि मग बादली उचलून विहिरीकडे जातो.

हा पुंजाजी. नाटक कंपनीत मी उभं आयुष्य काढलं, स्त्रीपार्टात गावोगावच्या टाळ्या घेतल्या, राजे पाहिले, सेनापती पाहिले. पण रोज सकाळचा तो प्रवेश माझ्या डोळ्यांपुढून अजून हलत नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची दोन-तीन वर्षं असतील. आमच्या कंपनीचा पावसाळी मुक्काम कारंज्याला होता. तिथं मला हिवतापानं गाठलं. कंपनी पुढं यवतमाळला गेली आणि नायिका मागं राहिली. बापूराव पाटील नाटकांचे मोठे शौकीन. ते मला कामरगावला आपल्या घरी घेऊन आले आणि गोठ्यासमोरच्या, दाराला गोणपाट लावलेल्या खोलीत माझी बाज टाकली. देवमाणूस, असं मी तेव्हा म्हणत होतो. आज तेवढ्या जोरात म्हणवत नाही.

पुंजाजी जातीचा माळी. त्याच्या घरचा भाजीचा मळा बायको आवडाबाई सांभाळायची. तो स्वतः मात्र पाटलांची दमणी हाकायचा. दमणी म्हणजे दोन बैलांची हलकी, छपराची, पाहुण्यारावळ्यांना बसायची गाडी. अमरावतीपर्यंत पुंजाजीचं नाव होतं. रस्त्यात दुसरी दमणी आडवी आली की हा शर्यत लावणारच, म्हणून आतले पाहुणे म्हणे आधीच कठडा धरून बसत. पाटलांनी जुनी मोटर घेतली, दमणीचे बैल विकले, आणि पुंजाजीची जागा गेली. जाता जाता पाटील म्हणाले, "पुंजाजी, दमणी हाकली तशी मोटरबी तूच हाकशीन. दसऱ्याले हे चाक तुह्या हाती देतो. तवर इची सेवा कर."

एवढं एक वाक्य. पण पुंजाजीनं ते देवाच्या प्रसादासारखं पदरात घेतलं. संध्याकाळी घरी जाऊन तो भाकरीची परात छातीशी धरायचा आणि डावी-उजवीकडे फिरवायचा. तोंडानं मोटरीचा आवाज काढायचा. आवडाबाई मळ्यातलं माळवं घेऊन पाटलांकडे येई तेव्हा ओसरीवर टेकून मला हे सगळं सांगायची. "मी म्हणतो, अवं डायवर, परात ठेवा खाली, भाकर थापाची हाय. तं म्हणते, थांब, रस्त्याले मोड आला!"

मोटर आली ती पोळ्याच्या तोंडावर. पोळ्याच्या दिवशी गावातले सगळे गडी आपापले बैल धूत होते. पुंजाजीकडे बैल उरले नव्हते. त्यानं मोटर धुतली. बैलाला धुतात तशीच धुतली: विहिरीचं पाणी वरून धो धो ओतलं, पाठ चोळावी तसं छत चोळलं, खांद्याला लावावं तसं लोणी-हळदीचं बोट पुढच्या दोन दिव्यांना लावलं, आणि अंग वाळायला तिला उन्हात उभी केली. बैल उन्हात वाळला की त्याची कांती चकाकते. मोटरही चकाकेल, या भरवशावर तो झाडाखाली विडी ओढत बसला.

ऊन चढलं आणि मोटरीच्या काचांवर पांढरे ठिपके उठले. देवी आलेल्या माणसाच्या तोंडावर उठतात तसे. पाटलांच्या विहिरीचं पाणी जड, चुनखडीचं. त्यात डाळ शिजत नसे, साबणाला फेस येत नसे. पुंजाजीला वाटलं, धुण्यात कसूर राहिली. दुसऱ्या दिवशी त्यानं आणखी बादल्या ओतल्या आणि आणखी कडक उन्हात मोटर उभी केली. ठिपक्यांवर ठिपके चढले. आठवडाभरात पुढच्या काचेवर अशी झिलई आली की आतून बाहेर पाहिलं तर सगळं गाव धुक्यात.

पाटील स्वतःच मोटर चालवायचे, आणि फार वाईट चालवायचे. एका संध्याकाळी धनजहून येताना ऊन समोरून आलं. काचेवरचा प्रत्येक ठिपका पेटला, समोरचं काही दिसेना, आणि मोटर एका बकरीला घासून बाभळीच्या कुंपणात शिरली. आवारात येऊन पाटील उतरले ते ओरडतच.

"काहून बे पुंजाजी! काच धुतो का चुना फासतो?"

"रोज धून राह्यलो, मालक."

"धून राह्यला म्हने! तुह्याच्यानं काच साफ होत नाही, आन् तुले चाक पाह्यजे? अशी काच राह्यली तं दसऱ्याले चाकाचं नावबी काढू नको."

 पुंजाजीच्या हातातलं फडकं ठिबकत राहिलं.

त्याच रात्रीपासून त्याला चैन नाही. सकाळी त्यानं चुलीतली राख आणली आणि नारळाच्या शेंडीनं, पितळेचा तांब्या घासावा तशी, काचेचा खालचा कोपरा घासला. ठिपके गेले, पण काचेवर ओरखडे उठले. नेमकी तेव्हाच आवडाबाई डोक्यावर वांग्यांची टोपली घेऊन आवारात शिरली. टोपली तशीच डोक्यावर ठेवून ती ओरडली, "थांबा जी! थो काय तांब्या हाय? काच मरते न राखीनं!"

"मंग काय करू? तूच सांग."

तिनं टोपली उतरवली, काचेवर नख ओढून पाहिलं आणि हसली. "हे तं माह्या हंड्याच्या बुडाची खपली हाय. ह्याच विहिरीची. अन् तुमी पुन्हा तेच पानी ओतता वरून, अन् उनात ठिवता. मोटर काय बैल हाय, उनात वाळवाले?"

"बैलच हाय माह्यासाठी," पुंजाजी म्हणाला.

माझी बाज दारातच होती. मी तो सगळा खेळ पहिल्या रांगेतून पाहिला. तिनं मोटर सावलीत ढकलवली. चिंच कोळून तिचं दाट पाणी काढलं, त्यात जुनेर बुडवून ते काचेवर पट्टीसारखं चिकटवलं. ताप आलेल्याच्या कपाळावर ठेवतात तसं. "रंगाले लागू देऊ नका, काळा रंग पांढरा होईन," असं बजावून ती निघून गेली, आणि ती माळवं विकून परत येईपर्यंत पुंजाजी तिथून हलला नाही. मग जुनेर काढलं. बरेच ठिपके विरघळले होते. जे हट्टी होते त्यांच्यावर तिनं मळ्यातलं निंबू अर्धं कापून गोल गोल फिरवलं. शेवटी पन्हाळीखाली साठलेलं पावसाचं पाणी ओतलं आणि थेंब न् थेंब काचेवर वाळायच्या आत धुवट मऊ धोतरानं टिपून घेतला. "वाळू नाही द्याचं. टिपाचं," ती म्हणाली.

तेव्हापासून पुंजाजीचा हात असा बसला की काय सांगू! पावसाच्या पाण्याचा एक रांजण त्यानं मोटरीसाठी राखला. कोपऱ्यातले ओरखडे सोडले तर काच अशी दिसे की तिथं काच आहे हे माशीलाही कळू नये. आपटून पडायची बिचारी. कारंज्याचे, मूर्तिजापूरचे मोटरवाले यायचे, काचेवर बोट ठेवायचे, तर पुंजाजी ते बोट हळूच उचलून बाजूला करायचा. पाटील पाहुण्यांना म्हणत, "असा हात अमरावतीले नाही सापडणार." पुंजाजी मान खाली घालून हसायचा. त्याला वाटायचं, आपली पत वाढते आहे.

दसरा उजाडला. मोटरीला झेंडूच्या माळा घातल्या. आवारात गाव जमलं. पुंजाजीनं नवा तांबडा फेटा बांधला होता, आणि आवडाबाई, एरवी गर्दीत कधी न येणारी, हिरवं लुगडं नेसून बायकांत उभी होती. नारळ फुटला. पाटील मागच्या बाकावर बसले. पुंजाजी पुढच्या दाराकडे दोन पावलं गेला. तेवढ्यात दुसऱ्या बाजूनं खाकी टोपी घातलेला एक तरणा माणूस आला आणि चाकामागं बसला. अमरावतीहून आणलेला डायवर, लखीराम.

पुंजाजी दाराशीच थांबला. "मालक, तुमी म्हनले व्हते..."

"हाव, म्हनलो व्हतो." पाटील खरंच प्रेमानं बोलले, हेच मला जास्त लागलं. "पन तूच सांग गा, तू चाकावर बसला तं काचा कोन पुसन? डायवर पैशापासरी भेटते. हा हात कुठून आनू?"

लोक हसले. कौतुकानंच हसले. कोणीतरी पुंजाजीच्या पाठीवर थापही मारली. मोटर निघाली, धूळ उडाली, आणि मी आवडाबाईकडे पाहिलं. तिनं पदर तोंडाला लावला होता. काच उजळायला तिनंच शिकवलं होतं.

रात्री पुंजाजीच्या घरी परात फिरली नाही म्हणे. दुसऱ्या सकाळी गोणपाटाचा पडदा सरला आणि तो बादली घेऊन आला. लखीराम त्याला "ए काचवाल्या" म्हणू लागला. मी बरा होऊन यवतमाळला गेलो. जाताना पाटलांना दोन शब्द सांगावेत असं फार मनात होतं. पण ज्याच्या घरचं औषध घेतलं त्याच्यापुढं जीभ उचलली नाही.

पुढं बोलपटांनी आमची कंपनी खाल्ली. लढाई लागली, पेट्रोल कूपनावर गेलं. त्रेचाळीसच्या उन्हाळ्यात पाटलांच्या मुलाच्या लग्नाचं बोलावणं आलं म्हणून मी कामरगावला गेलो. लखीराम पलटणीत लॉऱ्या हाकायला निघून गेला होता. मोटर गोठ्यात उभी होती. टाकी कोरडी, पण काचा लख्ख. पुंजाजीची पाठ वाकली होती. आवडाबाई गेल्याला वर्ष झालं होतं.

पाटलांचा हट्ट, नवरदेवाची वरात मोटरीतूनच निघाली पाहिजे. पेट्रोल तर थेंबभर नाही. तेव्हा शेतातली बैलजोडी मोटरीपुढं जुंपली. पुढची चाकं वळवायला आत माणूस हवा, आणि त्याच माणसाच्या हाती बैलांचा कासरा हवा. पाटलांनी हाक मारली, "पुंजाजी! चल गा, बस चाकावर. तुह्यी लय हौस व्हती न?"

पण कासरा आत येणार कसा? मध्ये समोरची काच. सुताराला बोलावलं. त्यानं पेच काढले आणि काच चौकटीतून उपसली. पुंजाजीनं ती दोन हातांत घेतली, कडब्यावर टेकवली, आणि खांद्यावरच्या फडक्यानं सुताराच्या बोटांचे ठसे पुसले. मग तो चाकामागं जाऊन बसला. रिकाम्या चौकटीतून कासरा आत आला. वाजंत्री वाजू लागली. "पाटलाची मोटर कडबा खाते रे!" गल्लीगल्लीतून लोक ओरडत होते, नवरदेवावर फुलं टाकत होते, आणि पुंजाजी एका हातात कासरा, एका हातात चाक धरून, बैलांच्या शेपट्यांनी उडवलेली धूळ तोंडावर घेत, सरळ समोर बघत होता. मी नाटकातली किती सोंगं पाहिली. पण कोणाला त्याच्याच इच्छेचं सोंग देऊन असं गावभर फिरवलेलं मी पाहिलं नाही.

वरात परत आली. बैल सुटले. पुंजाजी उतरला आणि जोत्यावर माझ्याजवळ येऊन बसला. त्याला बरं वाटावं म्हणून मी म्हणालो, "पुंजाजी, शेवटी बसलात की चाकावर!"

त्या पावसाळ्यातच तो गेला. मला काही तो पुन्हा भेटला नाही. त्या वरातीच्या दिवशी मात्र त्यानं तोंडावरची धूळ पुसली, बैलांकडे पाहिलं आणि म्हणाला, "चाक तं नुस्तं धरलं, मास्तर. हाकले मी बैलच."