न निजणारी बाहुली

विजयादशमीच्या संध्याकाळी कोलूच्या, म्हणजे नवरात्रातल्या बाहुल्यांच्या आराशीच्या, पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्यांपैकी एक आडवी करून निजवायची, मगच दुसऱ्या दिवशी सगळ्या पेटीत भरायच्या, ही आम्हा तंजावूरकरांची रीत. यंदा रिकामी पेटी उघडली आणि डांबरगोळ्यांच्या वासासरशी मी नवव्या वर्षात जाऊन पोचले.

अप्पा गेले त्या वर्षी आमच्याकडे कोलू झाला नाही. पुढच्या वर्षी माझ्या हट्टापायी अम्मानं तो मांडला खरा, पण ती दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. बाहुली निजवायला तिनं मलाच सांगितलं. मी उचलली नेमकी बुडाशी माती भरलेली, डुलणारी बाहुली. आडवी केली, ती उठली. पुन्हा केली, पुन्हा उठली. आता कोलू संपायचाच नाही, या भीतीनं मी रडू लागले.

अम्मा उठून शेजारी येऊन बसली. तिनं बाहुली आडवी केली, हात काढला; बाहुली ताठ उभी.

"निजतच नाही, अम्मा!"

"आपण निजवली नं? आपलं काम झालं," अम्मा म्हणाली. "उठायचं काम तिचं."

आता मी कॉलेजात फिजिक्स शिकवते. तीच बाहुली टेबलावर ठेवून सांगते, की पृथ्वी हिलाही खालीच ओढते. पण वजन बुडाशी असल्यानं त्याच ओढीनं ही उभी राहते. मुलं लिहून घेतात, कारण ते परीक्षेला येतं.

एक गोष्ट मात्र वर्गात सांगत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अम्मानं बाहुल्या पेटीत भरल्या, वेणी घातली आणि टाउन बसनं अप्पांच्या ऑफिसात, त्यांच्या जागी मिळालेल्या नोकरीवर रुजू व्हायला गेली. त्या नेमणुकीचं पत्र तीन महिने कपाटात पडून होतं.