वहीतून गाळलेली तार

कंपनीच्या इमारतीची देखभाल तो करायचा आणि सगळे त्याला वैद्यबुवा म्हणत. पाइपला हात लावला की आतला रोग सांगायचा, लिफ्ट जरा कुरकुरली की कुठला बोल्ट सैल झालाय ते ओळखायचा. सव्वीस वर्षं ती इमारत त्याच्याच जिवावर चालली होती म्हणा ना!

मग कंपनीची माणसं घरी बसून काम करू लागली. पाच मजल्यांचे दोन झाले, खुर्च्या पाळीने मिळू लागल्या आणि देखभाल एका एजन्सीला द्यायचं ठरलं. मोठ्या साहेबांनी त्याच्या हातात वही ठेवली. "तुमच्या डोक्यात आहे ते सगळं उतरवून काढा. महिना आहे तुमच्याकडे."

म्हणजे स्वतःच्या हाताने स्वतःला घरी बसवायचं. बावन्नाव्या वर्षी दुसरीकडे कोण उभं करणार होतं? तरी त्याने लिहिलं, आणि काय लिहिलं! कुठला नळ उलटा फिरतो, गच्चीतलं पाणी कुठे मुरतं, सारं सुवाच्य अक्षरात. एकच गोष्ट मुद्दाम गाळली. पूर्वी एकदा साहेबांना चौथ्या मजल्यावर एका दिवसात सभागृह हवं होतं, तेव्हा त्याने घाईघाईत शेजारच्या पॅनेलवरून तार ओढली होती. चौथ्या मजल्याचा मेन स्विच बंद केला तरी तिच्यात वीज राहायची. दिवे विझणार नाहीत, नवे लोक डोकं खाजवतील, झक मारत आपल्याकडे येतील, एवढंच त्याच्या मनात होतं. माणूस दुष्ट नव्हता. पण भीतीने अक्कल गहाण टाकली होती, हेही खरं.

शेवटच्या दिवशी तो किल्ल्या जमा करत होता, तोच वरून किंकाळी आली. रिकाम्या झालेल्या चौथ्या मजल्यावरचं वायरिंग काढताना एजन्सीचा वायरमन त्याच तारेला चिकटला होता आणि बाकीचे चौथ्याचा मेन खालीवर करत होते. वैद्यबुवा थेट शेजारच्या पॅनेलकडे धावला आणि खटका ओढला. वायरमन जगला. उजवा हात मात्र दोन दिवसांनी कोपरापासून काढावा लागला. एरवी तो प्रत्येक तार तपासून मगच हात घालायचा. वही इतकी चोख होती, की त्या दिवशी त्याने डोळे झाकून विश्वास ठेवला.

"सव्वीस वर्षांत एखादी तार विसरायचीच," चार दिवसांनी त्याला बोलावून साहेब म्हणाले. "पण तुमच्यावाचून भागणार नाही, हे आम्हाला कळलं. राहा तुम्ही."

"हो साहेब," त्याच्या तोंडून निघून गेलं. मग स्वतःचीच शिसारी आली.

संध्याकाळी तो सगळं सांगून टाकायचं ठरवून दवाखान्यात गेला. वायरमनची बायको खोलीबाहेर बसली होती. त्याला पाहताच ती लगबगीने उठली.

"भाऊ, तुम्ही होतात म्हणून माझा संसार वाचला," ती हात जोडून म्हणाली. "आणि हो, नोकरी टिकली म्हणे तुमची? बरं झालं हो. चांगल्या माणसाचं चांगलंच व्हावं."

त्याने तोंड उघडलं.

"बसा वहिनी," तो म्हणाला, आणि स्वतः उभाच राहिला.