अक्कांची स्लाइड

“थांब की गं, अजून चार गल्ल्या राहिल्यात.”

रिपोर्टवर ‘बुरशी आढळली नाही’ असं लिहायला मी पेन टेकवलं, की अक्कांचा तळहात त्या कागदावर पडायचा. सूक्ष्मदर्शकाखाली स्लाइड सरकवायच्या एकेका फेरीला त्या गल्ली म्हणायच्या. एकही गल्ली सोडणं त्यांना मान्य नव्हतं.

सोलापुरातल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मी त्यांच्या हाताखाली आठ वर्षं काढली. त्या अक्कलकोटकडच्या. मराठी बोलता बोलता कानडीत शिरायच्या आणि समोरच्याचा चेहरा बघून परत यायच्या. तुमच्याही ऑफिसात असं एक माणूस असेल, ज्याच्यामुळे काम उशिरा होतं आणि बरोबर होतं. मी त्यांच्यावर रोज वैतागायचे, आणि माझ्या आईचा रिपोर्ट मात्र त्यांच्याकडूनच तपासून घ्यायचे.

किडनी बदललेल्या, कॅन्सरची औषधं चालू असलेल्या रुग्णांची तर त्या शिकवणीच घ्यायच्या. “बुरशीचं बी हवेत असतंच. तुमी-आमी रोज ओढतोय. फुप्फुसात राखणदार पेशी हायत, त्या हे बी गिळून टाकत्यात. एखादं सुटलं, रुजलं, लांब धागा झाला, की गिळायला मावत न्हाय. मग रक्तातनं दुसऱ्या पांढऱ्या पेशी येत्यात, गराडा घालत्यात, अंगातलं विष वतून धागा मारत्यात. ह्या गोळ्यांनी त्यांना गुंगी येती. म्हणून बुरशी धरणाऱ्या कडब्याजवळ जायचं न्हाय.”

करकंबच्या एका शेतकऱ्यानं विचारलं, “मग म्हशीला वैरण कुणी टाकायची?”

“मालकिणीनं. ती कुटं गोळ्या खाती?”

अक्कांना स्वतःला संधिवात होता. स्टेरॉइड आणि जोडीला आणखी एक गोळी, दोन्ही पेशींना गुंगी आणणाऱ्याच, यांच्यावर त्यांची बोटं चालत होती. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्यांच्या फुप्फुसांचा विचार कुणीच केला नाही. त्यांनी तरी कुठे केला!

वेळ अमावस्येला त्या माहेरी गेल्या. त्या दिवशी आमच्याकडे रानात कडब्याची कोप, म्हणजे छोटं खोपटं, उभारतात, आत पूजा मांडतात आणि सगळं घर तिथंच जेवतं. त्या वर्षी कडबा पावसात भिजून काळा पडला होता. अक्कांनी स्वतः पेंढ्या सोडल्या, झटकल्या आणि कोपीत बसून भज्जी-आंबील जेवल्या. तीन आठवड्यांनी ताप आला, मग खोकला आणि खोकल्यात रक्त.

डॉक्टरांनी दुर्बीण घालून त्यांचं फुप्फुस धुतलं आणि ते पाणी आमच्याकडेच तपासायला आलं. त्या दिवशी मी सगळ्या गल्ल्या पाहिल्या. फाटे फुटलेले लांबच लांब धागे होते. पांढऱ्या पेशी दोन-चार, त्याही दूर.

वॉर्डात जाऊन मी विचारलं, “अक्का, कडब्यात गेला होता?”

त्यांनी मान फिरवली. “येळ अमावस्या होती गं. माहेरात कुणी पेशंट असतंय व्हय?”

मी चक्क ओरडले त्यांच्यावर. आयुष्यात पहिल्यांदा. आणि मग त्यांच्याच पदराला डोळे पुसले.

बुरशीवरचं औषध सुरू झालं. पण नुसत्या औषधावर भागणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्यांच्या स्वतःच्या पेशी लढायला उठायला हव्यात, त्यासाठी संधिवाताची एक गोळी बंद आणि स्टेरॉइड हळूहळू कमी. बोटं आखडतील, कदाचित कायमची.

“करा की बंद,” अक्का म्हणाल्या. “श्वास राहिला तर बोटांचं बघू.” विचार करायला त्यांनी एक दिवसही मागितला नाही.

सहा आठवड्यांनी पुन्हा फुप्फुस धुऊन पाणी तपासायला आलं. अक्का भिंत धरत धरत प्रयोगशाळेत आल्या, खुर्चीवर बसल्या, भिंगाला डोळा लावला. हात नॉबकडे गेला, पण बोटं मिटेनात. मग मी मागून हात पुढे घातले आणि नॉब धरला.

“डावीकडं. अजून. लई पळवू नको.” मी फिरवत राहिले, त्या बघत राहिल्या.

एका जागी त्यांनी मला थांबवलं. धाग्याचा तुटका तुकडा होता आणि त्याला पांढऱ्या पेशींनी चहूकडून घेरलं होतं.

“यव्वा! आल्या की गं सगळ्या,” अक्का म्हणाल्या. सणाला लेकी घरी आल्यावर आई बोलते ना, तशा.

अक्का पुन्हा कामावर आल्या नाहीत. आता माहेरच्या गावी असतात. श्वास उत्तम आहे, भाकरी मात्र भावजय मोडून देते. त्यांच्या खुर्चीवर मी बसते आणि ती खुर्ची मला अजून मोठी होते.

त्या शेवटच्या स्लाइडचा रिपोर्ट त्यांनी सांगितला आणि मी लिहून घेतला. तपासणाऱ्याच्या सहीची जागा आली. “स्लाइड मी बघितली, सही बी माझीच,” म्हणत त्यांनी पेन मागितलं. ते दोनदा बोटांतून गळून पडलं. तेव्हा त्यांनी जंतू रंगवायच्या जांभळ्या रंगाची बाटली पुढे ओढली आणि इतकी वर्षं रोज सह्या केलेल्या त्या बाईनं, खुशीत, रिपोर्टवर अंगठा उठवला.