मागच्या सीटवरचे कान

आमच्या गल्लीच्या टोकाला उस्तादांचं गाड्या दुरुस्तीचं गॅरेज आहे आणि त्याला लागूनच त्यांच्या बायकोचं शिलाईचं दुकान. मध्ये फक्त पत्र्याची भिंत. तिला सगळी गल्ली वहिनी म्हणते. पत्र्याच्या अलीकडे कात्री, पलीकडे हातोडा, असा त्या दोघांचा संसार सुरळीत चालला होता.

उस्तादांची ख्याती कानांची. गाडी वळणावर दिसायच्या आत सांगायचे, "बेल्ट गेलाय हिचा." पण एका तापातून उठले आणि कान हळूहळू दगा देऊ लागले. त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. गिऱ्हाईक काही बोललं की नुसती मान डोलवायचे. घरी रेडिओ मोठा करायचे आणि वहिनींनी कमी केला की म्हणायचे, "बिघडलाय तो." वहिनी काय ते समजून होत्या. पण नवऱ्याची झाकली मूठ आपण कशी उघडायची?

एक दिवस टॅक्सीवाला आला. गाडी जुनी, इंजिन मागची चाकं फिरवणारं.

"उस्ताद, मागून काहीतरी घोंघावतंय."

उस्ताद एक फेरी मारून आले. "काही नाही. तुझ्या डोक्यात घोंघावतंय."

टॅक्सीवाला हसला नाही. गाडी वळवून निघाला, तेव्हा वहिनींनी शिवता शिवता मशीन थांबवलं. वेग घेताना गाडी मागून कळवळत होती.

"अहो, आवाज आहे," त्या दारात येऊन म्हणाल्या.

"तुला काय कळतं गाडीतलं?"

"गाडीतलं नाही कळत. कळवळणं कळतं."

उस्तादांनी हातातला पाना फरशीवर आपटला आणि दिवसभर अबोला धरला. रात्री जेवायला बसले. मग ताटाकडे बघत म्हणाले, "मला खरंच ऐकू आलं नाही गं. पाना आपटला ना, तोसुद्धा शेजारच्या गल्लीत पडल्यासारखा वाटला."

वहिनींनी उपदेश केला नाही. एवढंच म्हणाल्या, "उद्या त्याला परत बोलवा. मी मागे बसते."

दुसऱ्या दिवशी उस्ताद गाडी चालवत होते आणि वहिनी मागच्या सीटवर मोठ्यानं ओरडून सांगत होत्या. "पाय दाबलात की रडतंय. सोडलात की गप्प. वळताना काही नाही."

"खडखड की सूर?"

"सूर! तेल न घातलेल्या माझ्या मशीनसारखा, पण जाडा."

उस्तादांचा चेहरा कितीतरी दिवसांनी खुलला. "मग डिफरन्शियल!"

डिफरन्शियल म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधला लोखंडी गोळा. इंजिनाची ताकद तो दोन्ही चाकांना वाटून देतो. आत दात्यांवर दाते फिरतात आणि जाड तेलात भिजत राहतात.

गाडी सपाट जागी वर उचलली. उस्तादांनी आधी वरच्या, तेल भरायच्या बुचाला पाना लावला.

"खालचं नाही का आधी? तेल काढायचंय ना?" वहिनींनी विचारलं.

"वरचं निघालंच नाही, तर नवीन घालणार कुठून? मग जुनं तेल परातीत आणि आपण कपाळाला हात लावून!"

बूच गंजून बसलं होतं. पान्याला पाइप अडकवून उस्तादांनी जोर लावला. बारीक करकर झाली. "सरकलं!" वहिनी ओरडल्या. बूच काढून उस्तादांनी भोकातून बोट आत घातलं, तर ते कोरडंच बाहेर आलं. खालचं बूच काढल्यावर थोडंसं काळंकुट्ट, कुजकट वासाचं तेल पडलं. त्या बुचाला आतून लोहचुंबक असतं, त्यावर लोखंडाच्या भुकटीचा राखाडी लेप जमला होता. उस्तादांनी तो चिमटीत चोळून पाहिला.

"टोचत नाही. म्हणजे तुकडे नाहीत, दाते शाबूत आहेत. वाचली बिचारी."

तेल गेलं कुठे, तेही सापडलं. गोळ्याला हवा जायला वर एक छोटी नळी असते, ती चिखलानं बुजली होती. आत कोंडलेल्या हवेनं तेल अडवणाऱ्या रबरी सीलमधूनच ते बाहेर ढकललं होतं. नळी साफ झाली, सील बदललं. वहिनींनी स्वतःच्या हातानं पंप मारून, भोकाच्या काठाशी येऊन ओघळेपर्यंत नवीन तेल भरलं.

पुन्हा फेरी. "गेला आवाज?" उस्तादांनी विचारलं.

"पूर्ण नाही. रडणं थांबलंय, आता नुसतं गुणगुणतंय."

उस्तादांनी टॅक्सीवाल्याला खरं ते सांगितलं. "बेअरिंगनं थोडं सोसलंय. महिन्याभरानं परत दाखव. आणि काल मी चुकलो. मला नीट ऐकू येत नाही. यापुढे गाडी हिच्या कानांनी तपासणार."

टॅक्सीवाला आता मात्र मनापासून हसला. "म्हणजे घरी चालतं तसंच की!"

बातमी गावभर झाली. दोन-चार गिऱ्हाइकं तुटली, बाकीची आली, आणि काही तर वहिनींसाठीच आली. उस्तादांनी कानाचं यंत्र घेतलं, पण गॅरेजच्या गोंगाटात ते काढूनच ठेवतात. वहिनी दुपारपर्यंत शिवतात, नंतर अंगावर जुना शर्ट चढवून गाडीखाली शिरतात. डिफरन्शियलचं काम आता पूर्ण त्यांचंच.

हल्ली त्या गाडी चालवायला शिकतायत. संध्याकाळी मैदानाभोवती गाडी गोल गोल फिरते. उस्ताद शेजारी, दोन्ही हातांनी डॅशबोर्ड गच्च धरून. परवा मी विचारलं, कसं चाललंय?

"आवाज सगळे ओळखते," उस्ताद म्हणाले, "फक्त ब्रेक कुठे असतो, ते अधूनमधून विसरते."

"तुम्ही ओरडता म्हणून!" वहिनींनी खिडकीतून ऐकवलं आणि गाडी पुन्हा सुरू केली.