सात गाठींची दोरी

गुडघेमास्तरांच्या खिशात एक दोरी असे. पांढऱ्या सुताची, हाताळून मळकट झालेली, खालच्या टोकाला लोखंडी नट बांधलेला. तिला सात गाठी होत्या. नट जमिनीला टेकवून दोरी ताठ वर धरली की सर्वांत खालची गाठ दोन वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांसमोर यायची, तिच्या वरची तीन वर्षांच्या, अशा चढत चढत शेवटची आठ वर्षांच्या मुलाच्या. माप डोक्यापर्यंतचं नव्हतं. डोळ्यांपर्यंतचं होतं.

हे मास्तर कुठल्या शाळेतले नव्हते. मुलांचा खाऊ बनवणाऱ्या एका कंपनीचे ते माल मांडणारे. सव्वीस वर्षं त्यांचं काम एकच. मोठमोठी दुकानं उघडायच्या आधी आत जायचं, गुडघ्यांना चामड्याच्या वाट्या बांधायच्या आणि रॅकच्या कडेकडेने गुडघ्यांवर सरकत कुठला खोका कुठल्या फळीवर बसेल ते ठरवायचं. मूल घरी टीव्हीवर जाहिरात बघतं. दुकानात आल्यावर तीच जाहिरात त्याला पुन्हा भेटली पाहिजे, आणि तीही डोळ्याला डोळा भिडवून. मास्तरांचं शास्त्र एवढंच होतं. ते त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

त्या उंचीवरून दुकान निराळंच दिसतं. वरच्या फळ्यांचे पोटाकडचे भाग दिसतात, तिथे कोणीतरी चिकटवलेलं च्युइंगम दिसतं. छताचे दिवे फार लांब जातात. मोठ्या माणसांना हव्या असलेल्या सगळ्या वस्तू, साबण, डाळी, तेलाचे डबे, कुठेतरी वर निघून जातात आणि उरते ती रंगांची एक लांबलचक भिंत. रोज सकाळी त्या भिंतीसमोर मास्तरांना देवळात शिरल्यासारखं वाटे. हे त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही. सहकारी आधीच म्हणायचे, "मास्तर, निवृत्त झालात की उभं राहायला शिकवणी लावा."

दोरी मुळात मुलीची होती. मुलगी लहान असताना दर वाढदिवसाला मास्तर तिला स्वयंपाकघराच्या दाराला टेकवून उभी करत. "समोर बघ. डोळे मिटू नकोस. हं, झालं." आणि एक गाठ पडे. बायको म्हणे, "लोक पोरांचं डोकं मोजतात, आमच्याकडे डोळे मोजतात. काय तरी एकेक!" मुलगी मात्र दुसऱ्यांना कौतुकाने सांगे, माझे बाबा माझे डोळे मोजतात. त्या दोरीत माया होती, याबद्दल मास्तरांनी कोणापुढेही शपथ घेतली असती. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच दोरी खिशात घालून ते कामावर जात. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, किंवा एकत्र असू नयेत, असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

निवृत्तीला आठ दिवस उरले तेव्हा साहेबांनी त्यांना बोलावलं.

"मास्तर, ती तुमची दोरी सोमवारी घेऊन या. तिच्या मापाने पट्ट्या छापून घेतो. दीडशे दुकानांत लागतील. वर तुमचं नाव टाकू."

"माझं नाव?"

"मग काय माझं? आमचे गुडघे शाबूत आहेत अजून."

मास्तर हसले. छाती इतकी फुगली की शर्टाचं बटण ताणलं गेलं. त्याच संध्याकाळी मुलीचा फोन आला.

"बाबा, रविवारी तुमच्या नातीला चार वर्षं पूर्ण होतायत. आम्ही तुमच्याकडेच येतोय. ती माझी दोरी आहे ना अजून?"

"आहे की."

"मला हवीय. त्याच दारात हिला उभी करायची, आणि मग दोरी आमच्या घरी. कायमची."

मास्तर म्हणाले, "बघू." फोन ठेवल्यावर बराच वेळ ते दोरी हातात फिरवत बसले. माप लिहून साहेबांना देता आलं असतं, पण साहेबांना दोरीच हवी होती, काचेत लावायला.

रविवारी केक आला, पण मेणबत्त्या राहिल्या. मास्तर चपला घालत म्हणाले, "मी आणतो. चल गं छकुली, माझ्याबरोबर."

"न्या," मुलगी म्हणाली, "पण खाऊच्या रांगेत नेऊ नका. हातची जाते ती."

"मूल आहे. हट्ट करणारच."

"हट्ट केला असता तर रागावले असते. ही हट्ट करत नाही हो. मी हाक मारते आणि तिला ऐकूच जात नाही."

"असं कधी असतं का?"

"बघा की नेऊन. तुमचंच तर दुकान आहे."

त्या शेवटच्या वाक्यात टोमणा होता. मास्तरांना तो लागला, आणि थोडा अभिमानही वाटला.

भरदुपारी, गिऱ्हाइकांनी भरलेल्या दुकानात ते इतक्या वर्षांत कधी आलेच नव्हते. मेणबत्त्या पहिल्याच कोपऱ्यात मिळाल्या. तिथून परतायचं, तर ते नातीचा हात धरून सरळ स्वतःच्या रांगेत शिरले. आपलं काम तिला दाखवावं, एवढंच मनात होतं.

रांगेच्या मध्यावर नात थांबली. तिचा हात त्यांच्या हातातच होता, पण त्यातला जोर गेला. रडणं नाही, ओढाताण नाही.

"काय गं?"

तिने मानही वळवली नाही.

"छकुली? अगं, आजोबा बोलतायत."

ती समोर बघत होती. मास्तर सवयीने गुडघ्यांवर बसले. वाट्या नव्हत्या, फरशी थंड लागली. त्यांनी आपला चेहरा तिच्या चेहऱ्याशेजारी आणला आणि ती बघत होती तिकडे बघितलं.

समोर खारूताई होती. दुधात घालून खायच्या गोड कुरकुरीत चकत्यांच्या खोक्यावरची, टोपीवाली. हा खोका त्यांनी हजारो वेळा हाताळला होता, पण नेहमी रॅकला चिकटून, हातभर अंतरावरून. जवळून ती खार खाली बघताना दिसे, लाजल्यासारखी. चित्रकार चुकला असणार, असं मास्तर धरून चालले होते. रॅकपासून चार पावलं मागे, मूल जिथे थांबतं तिथे, ते गुडघ्यांवर कधी बसलेच नव्हते.

चार पावलांवरून खार लाजत नव्हती. ती बघत होती. चाळीस खोके, चाळीस खारी, आणि सगळ्यांची नजर या एका जागी येऊन मिळत होती. मास्तरांच्या मानेवर सर्रकन काटा आला. देवळात मूर्तीचे डोळे उघडले तर माणूस जसा बसल्या जागी थिजेल, तसे ते थिजले.

"खारूताई बघतेय," नात कुजबुजली. घरात कोणी झोपलेलं असलं की बोलतात तशी.

"ती सगळ्यांकडेच बघते, बाळा."

"नाही. आईला ती दिसतच नाही."

"तुला काय म्हणते?"

"म्हणते, आलीस?"

मास्तरांनी पुन्हा खोक्यांकडे बघितलं.

"टीव्हीत पण म्हणते. मी नाही आले की तिला रडू येतं." नात त्यांच्या कानाशी आली. "तिला घरी नेऊ या ना, आजोबा. तिचं इथे कोणी नाहीये."

मास्तरांनी खिशातून दोरी काढली. का, ते त्यांना नीट सांगता आलं नसतं. नट फरशीला टेकवला, दोरी ताठ केली. चार वर्षांची गाठ नातीच्या पापणीला लागली. एका केसाचाही फरक नव्हता. हेच डोळे. तिच्या आईचे. चोवीस वर्षांपूर्वी त्यांना सांगितलं होतं, मिटू नकोस, आणि ते मिटले नव्हते.

त्यांनी नातीला खांद्याला धरून वळवलं. ती मुकाट चालू लागली, पण वळून वळून मागे हात हलवत राहिली.

केक कापून झाला. नात आजीपाशी रमली, तेव्हा मुलगी म्हणाली, "दोरी आणा बाबा." मास्तरांनी ती आणली आणि दाराशी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं.

मुलीने एकेका गाठीवरून बोट फिरवलं. "म्हणजे दुकानं तुम्ही माझ्या डोळ्यांनी लावलीत."

"तुझ्याच."

"सगळी?"

"सगळी."

"अख्ख्या शहराची पोरं माझ्या उंचीवर उभी होती, आणि मी सगळ्यांना सांगत सुटले होते, माझ्या बाबांची माया बघा." तिचा आवाज चढला नाही. "आणि काल मी माझ्या पोरीला त्याच रांगेत धपाटा घातला. ती ऐकत नाही म्हणून."

तिने दोरी त्यांच्या हातात परत दिली आणि पोरीला उचलून ती निघून गेली.

सोमवारी मास्तर साहेबांसमोर उभे राहिले. "दोरी देणार नाही. मापही नाही."

"काय झालं? नाव मोठ्या अक्षरांत हवं का?"

"नाव नको. मी मुलाच्या जागी बसून बघितलं, साहेब."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी मास्तरांना खुर्ची दिली. "अहो, दोरी मागितली ती तुमचा मान म्हणून. पुढच्या महिन्यात रॅकवर कॅमेरे बसतायत. कोण कुठे किती वेळ बघतं, पापणी कधी लवते, सगळं आपोआप कळणार. गाठी कोण मारत बसतंय आता?"

मास्तर खुर्चीत बसून राहिले. दीडशे दुकानांत न मिटणारे डोळे. आपण गुडघे झिजवून ज्याच्या पायाशी पोचलो ते केवढं मोठं आहे, आणि त्याला आपली गरज कधी नव्हतीच, हे त्यांना तिथे दिसलं. निघताना त्यांनी चामड्याच्या वाट्या टेबलावर ठेवल्या. दोरी खिशातच होती.

संध्याकाळी ते मुलीच्या घरी गेले. दार तिने उघडलं, पण आत या म्हणाली नाही. मागून नात धावत आली. आजोबा दिसताच ती मध्येच थांबली, चार पावलांवर, आणि टक लावून बघू लागली.

"आलात?"

मास्तरांचे गुडघे आपोआप वाकले. ते उंबऱ्यावरच बसले. त्या दोन डोळ्यांची उंची त्यांना पाठ होती. ते इतके तपकिरी आहेत, आणि त्यांत आपण मावतो, हे त्यांनी आज बघितलं.

"आलो," ते म्हणाले.

मुलीने पोरीला दाराच्या चौकटीला टेकवलं. "डोकं मोजा," ती म्हणाली. "डोळे नाहीत."

मास्तरांनी दोरी सोडली. नट फरशीवरून घरंगळू लागला. मुलीने पायाच्या अंगठ्याने तो दाबून धरला. डोक्याची गाठ पाच आणि सहाच्या मध्ये, कोऱ्या सुतावर पडली.

"डोळे मिटू का?" नातीने विचारलं.

"मीट की," मास्तर म्हणाले.