उखाण्यातला पासवर्ड

आमच्या नाशिकच्या ऑफिसात कॉम्प्युटरचं सगळं मी बघतो, म्हणजे शिव्या मी खातो. हेडक्लार्क सरोजिनीकाकूंचा मात्र मला अभिमान होता. त्यांचा पासवर्ड म्हणजे नवऱ्याचं नाव, आणि ते त्यांनी पस्तीस वर्षांत एकदाही सरळ तोंडाने घेतलेलं नाही. कितीतरी भामटे फोन करून दमले. "जीव गेला तरी सांगणार नाही," असं ऐकवून काकू फोन आपटायच्या.

गेल्या महिन्यात साहेबांनी आमची परीक्षा घ्यायला बाहेरची एक कंपनी नेमली. तिथल्या मुलीने 'हेड ऑफिसातून बोलतेय' अशी थाप मारून काकूंकडे पासवर्ड मागितला.

"अगं, यांचंच नाव आहे. ते मी घेत नाही."

"मग उखाण्यात घ्या ना, काकू!"

काकू लाजल्या. पदर सावरून भर ऑफिसात फोनवर खणखणीत म्हणाल्या, "गोदेच्या काठावर दिवे लावते शंभर, देवव्रतरावांचा माझ्या मनात पहिला नंबर!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या कंपनीने साहेबांना पाठवलेल्या फोनच्या रेकॉर्डिंगमध्ये सगळ्यात मोठ्या टाळ्या माझ्या आहेत.

नंतर मी तणतणलो, तर काकू माझ्यावरच डाफरल्या, "नाव घ्या म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं रे?"

आता त्यांनी पासवर्डला सासऱ्यांचं नाव ठेवलंय. तेही त्या घेत नाहीत आणि सासऱ्यांसाठी कोणी उखाणा मागत नाही, म्हणून निर्धास्त आहेत.

परवा कुरियरवाल्याला फोनवर पत्ता सांगत होत्या, "गंगापूर रोडला ये. बंगल्याला आमच्या सासऱ्यांचंच नाव आहे, मला ते घेता येत नाही. पाटी मोठी आहे, तूच वाच."